आईने तपासलेलं पत्रक

तुमच्या घरातलं एक माणूस बुडतंय आणि त्याला बाहेर काढणारा हात तुमच्या विचारात बसत नाही. तुम्ही आधी काय वाचवाल, माणूस की विचार?

लगेच उत्तर देऊ नका. मी लगेच दिलं होतं. लेखी दिलं होतं, छापलं होतं आणि चौकात उभी राहून वाटलं होतं.

आमचं घर विश्रांतवाडीत. बाबा भंडाऱ्याकडून खडकीला कारखान्यात नोकरीला आले ते येताना एक पेटी भरून पुस्तिका आणि पत्रकं घेऊन आले. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. बरोबरीची मुलं चित्रांची पुस्तकं वाचत होती तेव्हा मी 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचत होते. बाबा मजकूर लिहायचे, आई प्रुफं तपासायची आणि मी घड्या घालायचे. घडी तिरकी आली की बाबा ती उलगडून परत माझ्यासमोर ठेवायचे. "वाकडी घडी कोणी उघडत नाही," म्हणायचे. बाबा गेल्यावर मजकूर मी लिहायला लागले. प्रुफं आईकडेच राहिली.

भोंदूबाबांच्या चमत्कारांमागची युक्ती उघड करून दाखवणारे कार्यक्रम आमचा गट वस्त्यांमधून करायचा. त्यात माझं काम शाळेपासून ठरलेलं होतं. पहिल्या रांगेत बसायचं आणि समोरच्याने काही ठासून सांगितलं की उभं राहून विचारायचं, "कशावरून?" लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. मला त्या टाळ्यांची सवय लागली. इथे दुसऱ्याच्या सवयीबद्दल लिहिणार आहे, तर ही आपली सांगून टाकलेली बरी.

आई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. परगावी बोलायचं तर लोक नंबर नोंदवून ताटकळत बसायचे, त्या काळापासूनची. मग गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ आले, मग मोबाइल आले. तिचं काम सरकत सरकत बिलं घेण्याच्या खिडकीवर आलं आणि शेवटी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करून ती घरी आली. त्याच सुमारास बाबा गेले. मी खराडीला एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिका लिहायला लागले होते. सकाळी जायचे ती अंधार पडल्यावर परत. मधला सगळा वेळ आई एकटी. 'शहरातले एकाकी ज्येष्ठ नागरिक' या विषयावर मी त्या वर्षी एक लेख लिहिलेला आहे. चांगला आहे. त्यासाठी मी बऱ्याच जणांशी बोलले, आईशी सोडून.

एका रविवारी सकाळी घड्या घालायला गटातली मंडळी घरी आली होती. वस्तीतली शाळा बंद होऊ नये म्हणून काढलेलं पत्रक होतं. आई आत पोहे करत होती आणि तिचा फोन बाहेर आमच्या पसाऱ्यात पडला होता. तो वाजला. आमच्यातल्या एकाने सहज उचलून मोठ्याने वाचलं, "टेबलावर तुमची जागा राखून ठेवली आहे. रमी खेळायला परत या."

"काकू, क्लबात जायला लागलात की काय?" त्याने आत बघून विचारलं. सगळे हसले.

"जाहिरात असेल रे. सगळ्यांनाच येतात," मी म्हणाले.

आई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. "जाहिरात नाही, माझंच आहे ते," ती म्हणाली. "लिंबू कोणाला हवंय?"

कोणाला कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी न कळल्यासारखं केलं. ते गेल्यावर मी दार लावून तिच्यासमोर बसले. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून सुरुवात झाली होती. आधी फुकट, मग पैसे लावून. बाबांच्या पश्चात मिळालेली ठेव मोडली होती आणि बांगड्या गहाण होत्या.

"तू लग्न करणार नाहीस असं जाहीर केलंयस, म्हणून आधी बांगड्या दिल्या," ती म्हणाली. ती विनोद करत नव्हती. "पहिल्यांदा जिंकले तेव्हा पेढे आणले होते. तू खाल्लेस. कशाचे ते विचारलं नाहीस."

मग मी बोलायला लागले. बाजार खुला झाल्यावर माणसाचा एकटेपणाही कसा विकायला निघाला, हे खेळ बनवणाऱ्या कंपन्या आपला हात कधी शिवशिवतो हे कसं मोजून ठेवतात, जाहिरातीतल्या हसऱ्या चेहऱ्यांना किती मिळतं, सगळं सांगितलं. आई नीट ऐकत होती.

"हे सगळं खरं आहे," ती म्हणाली. "मीच प्रुफं तपासलीत याची. तरी हात जातो. सकाळी काढून टाकते फोनमधून, दिवेलागणीला परत घेते."

तेव्हा मला तिची दया यायला हवी होती. मला लाज वाटली. तीही तिची. आपल्या घरात, तसबिरींसमोर, रोज वंदना म्हणणारी बाई पत्ते कुटते, आणि उद्या हे गटात कळलं तर माझ्या शब्दाला काय किंमत राहील, असं वाटलं. मी कोणालाही काही सांगितलं नाही. तिला म्हणाले, "निश्चय कर. एवढं काय अवघड आहे?"

तिने वाद घातला नाही. स्वतःची वाट स्वतःच शोधली. एक्स्चेंजमधल्या तिच्या मैत्रिणीच्या भावाची दारू सुटताना ज्यांची मदत झाली होती, त्या बाईंचा पत्ता तिने मिळवला. धानोरी रस्त्याला, औषधांच्या दुकानावर त्यांची खोली. मानसशास्त्र शिकलेल्या, समुपदेशन करायच्या आणि त्याला जोडून संमोहन उपचार. आधी मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवून या, असं त्यांनी बजावलं होतं आणि आई माझ्या नकळत ते करूनही आली होती.

"हिप्नॉटिझम?" मी म्हणाले. "आई, आपण?"

"आपण नाही, मी," आई म्हणाली. "तू नुसती सोबत चल. एकटीला तो जिना चढायची लाज वाटते."

त्या खोलीत लोलक नव्हता, काळा पडदा नव्हता, उदबत्तीसुद्धा नव्हती. मी जरा निराशच झाले. एक टेबल, एक आरामखुर्ची, आवाज करणारा पंखा. बाई पन्नाशीच्या, चष्मा केसांत अडकवलेला.

"यात जादू नाही," त्या आईला म्हणाल्या. "तुम्ही झोपणार नाही. तुम्हाला सगळं ऐकू येईल, आणि तुम्हाला नको असेल ते मी तुमच्याकडून करून घेऊ शकत नाही. मन निवलं की सांगितलेलं आत पोचायला सोपं जातं. आणि एवढ्याने भागणार नाही. खेळाचं खातं बंद करायचं, पैशांचे व्यवहार काही दिवस दुसऱ्याच्या हातात द्यायचे, आणि दर गुरुवारी यायचं. डॉक्टरांकडेही जात राहायचं."

"कशावरून?" मी विचारलं.

"कशावरून काय?"

"आत पोचतं हे."

"सगळ्यांचं पोचतं असं मी म्हटलेलं नाही." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचं पोचेल असं वाटत नाही. पण उपचार तुमच्यावर नाहीत."

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती, आणि मला राग आला.

त्यांनी तिला आरामखुर्चीत बसवलं. श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं, खांदे, मग हात, मग बोटं सैल सोडायला सांगितली. आवाज अगदी साधा, दूधवाल्याला उद्या जास्त दूध सांगावं तसा. मग विचारलं की आयुष्यात सगळ्यात निवांत कुठे वाटायचं. मला वाटलं ती माझं लहानपण सांगेल. ती म्हणाली, "बोर्डावर."

आणि ती बोलत गेली. रात्रपाळीचा शेवटचा तास, कानावर हेडसेट, समोर दिव्यांचा बोर्ड. पलीकडे दोघांचं बोलणं संपलं की दिवा पेटायचा, मग जोडणीचा दोर काढायचा की तो विझायचा. असं करत करत सगळा बोर्ड काळा व्हायचा. आता कोणाला आपली गरज नाही, तरी आपण कामावर आहोत. घरी जायला मोकळे. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. बाबांनाही सांगितलं नसावं.

बाईंनी तेच धरलं. संध्याकाळी फोनकडे हात जाईल तेव्हा तो दिवा पेटलाय असं समजा, म्हणाल्या. घाई नाही. बघा त्याच्याकडे. श्वास सोडा, दोर काढा, विझू द्या. आईचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर होता. बोटं काहीतरी अलगद उपसून काढल्यासारखी हलली.

मी हे सगळं पाहिलं, आणि मनात नोंदवून ठेवलं. पहिल्या रांगेत बसून मी जन्मभर तेच करत आले होते.

त्यानंतरच्या गुरुवारपासून ती एकटी जायला लागली. फोनचे व्यवहार माझ्याकडे दिले. दिवेलागणीला ती गॅलरीत खुर्ची टाकून डोळे मिटून बसायची आणि उठून भाकरी थापायला घ्यायची. मधे एकदा पाय घसरला, तेही तिने स्वतःच बाईंना सांगितलं. शेजारणीच्या सुनेला ब्लाउज शिवायला शिकवायला लागली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. मी त्याला 'इच्छाशक्ती' असं नाव दिलं आणि तिच्या इच्छाशक्तीचं कौतुकही केलं. ती म्हणाली, "बरं."

त्याच महिन्यांत शहरात एका महाशयांचे फलक लागले. एका बैठकीत कोणतंही व्यसन संमोहनाने घालवतो, शिबिराला या, नोंदणी आगाऊ. हा माणूस लबाड होता याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. गटाने ठरवलं की विरोधात पत्रक काढायचं आणि मजकूर मी लिहायचा.

मी एका बैठकीत लिहिला. शिबिरवाल्याला पहिल्या परिच्छेदात झोडपलं, आणि लेखणी गरम झाली की मला थांबता येत नाही. दुसऱ्या परिच्छेदात मी संमोहन करणाऱ्या सगळ्यांनाच त्याच्या रांगेत उभं केलं. तिसऱ्याला उदाहरण हवं होतं. माझ्याकडे एकच होतं. मी लिहिलं, 'कोणी खुर्चीत निजवून मनातले दिवे विझवायला सांगतात, आणि शिकल्यासवरलेल्या बायका डोळे मिटून ते विझवत बसतात. भगिनींनो, विझतात ते तुमच्या बुद्धीचे दिवे.'

प्रुफं आली ती नेहमीप्रमाणे आईच्या हातात दिली.

विसरले होते असं म्हणायची सोय नाही. विसरले नव्हते. मला वाटलं होतं तिला पटेल. इतकी वर्षं आमच्या घरात जे लिहिलं ते तिला पटतच आलेलं होतं, निदान तिने तसं दाखवलं होतं. शिवाय तो परिच्छेद सगळ्यात जमला होता, आणि तो तिने वाचावा अशी मला हौस होती. हे वाक्य लिहिताना आजही माझा चेहरा तापतो.

आई खिडकीपाशी बसली. चष्मा, लाल पेन. वरपासून वाचत आली. तिसऱ्या परिच्छेदापाशी पेन थांबलं. मग तिने तिथेही एक राहिलेला अनुस्वार दिला आणि पुढे गेली.

"झालं," कागद परत देताना ती म्हणाली. "दुसऱ्यातलं एक वाक्य लांबलंय, तोड ते. शेवटचं टाळ्या घेईल."

टाळ्या घेतल्या. एका सभेत मी ते वाचून दाखवलं तेव्हा खरोखर घेतल्या.

त्या गुरुवारी दुपारी मी घरूनच काम करत होते. तिच्या निघायच्या वेळेला ती पंख्याखाली आडवी होती.

"आज जायचं नाही का?"

"कंटाळा आलाय," ती म्हणाली. पुढच्या गुरुवारीही आला. मला मनातून बरं वाटलं. पत्रकाचा उपयोग होतो आहे असं वाटलं.

व्यवहार माझ्याकडे होते, पण दुकानातून पैसे उसने घेऊन दुसऱ्याच्या नावावर खेळता येतं हे मला माहीत नव्हतं. तिने मला कळू दिलं नाही. सगळ्यांना एकदमच कळू दिलं.

आमच्या विहारात महिलांचा बचत गट आहे. त्याच्या पेटीची किल्ली कित्येक वर्षं आईकडे असायची. एकदा वंदना झाल्यावर बायका उठायच्या आत ती उभी राहिली. मी दाराशी होते, पत्रकांचा गठ्ठा घेऊन.

"ही किल्ली कोणीतरी घ्या," ती म्हणाली.

"का हो ताई, बरं नाही का?" पुढच्या एकीने विचारलं.

"मी मोबाइलवर जुगार खेळते. पेटीला हात लावलेला नाही, आत्ता उघडून बघा. पण लावीन असं वाटायला लागलंय."

मागून एक म्हातारी म्हणाली, "माझा नातूबी खेळतो गं बाई." आणि तिच्या शेजारची हळू, पण मला ऐकू येईल इतपत म्हणाली, "हिची मुलगी तर जगाला शहाणं करत फिरते ना?"

माझी पहिली प्रतिक्रिया सांगते. मला तिथून पळून जावंसं वाटलं. आई एकटी उभी होती, तळहातावर किल्ली धरून, आणि कोणी ती घेत नव्हतं. मी दारापासून तिच्यापर्यंत चालत गेले नाही. पहिल्या रांगेतली एक ताई उठली, किल्ली घेतली आणि आईला धरून खाली बसवलं. ते मी लांबून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून धानोरी रस्त्यावरचा तो जिना चढले. आईला लाज का वाटायची ते मला तेव्हा कळलं. प्रत्येक पायरीवर वाटत होतं की खालून कोणीतरी आपल्याला बघतंय.

बाईंच्या टेबलावर आमचं पत्रक होतं. त्यावर चहाचा कप ठेवलेला.

"भाषा चांगली आहे," त्या म्हणाल्या. "माझं नाव घातलं नाहीत, आभारी आहे."

"आई परत आली तर घ्याल का?"

"त्या आल्या तर घेईन. तुम्ही आणलंत तर नाही." त्यांनी कप उचलला. "त्या खुर्चीत माणूस जे बोलतो ते त्याचं असतं. तुम्ही ते उचलून नेलंत. शिबिरवाल्यावर लिहा की, मीही त्याच्यावर चिडलेली आहे. पण आणखी दोघं यायचे थांबलेत. एकाच्या बायकोचा फोन आला होता. घरात पत्रक आलंय, म्हणाली, आता हे म्हणतात सगळी फसवणूकच आहे, आणि परत बसलेत फोन घेऊन. त्यांना निमित्तच हवं असतं हो. तुम्ही छापून दिलंत."

कशावरून, असं मी विचारलं नाही.

घरी येऊन आईपुढे बसले आणि माफीची वाक्यं जुळवायला लागले. ती भांडी पुसत होती.

"माफी सावकाश माग," ती म्हणाली. "वाक्य लांबतंय. गुरुवारी रिक्षा बघून दे, बस वेळेवर येत नाही."

आता ती परत जाते. बरी झाली असं मी लिहिणार नाही, कारण तीही तसं म्हणत नाही. काही आठवडे चांगले जातात, मग एखादी संध्याकाळ वाईट जाते. तिचं बरं कशामुळे होतंय तेही मला सांगता येत नाही. त्या आवाजामुळे असेल, डॉक्टरांमुळे असेल, विहारातल्या बायका आता आळीपाळीने संध्याकाळी येऊन बसतात त्यामुळे असेल, किंवा दर गुरुवारी कोणीतरी तिचं बोलणं मधे न तोडता ऐकतं त्यामुळे. मी जिन्यात बसते. दार लागतं, आतला पंखा तेवढा ऐकू येतो. बाहेर आल्यावर ती सांगेल तेवढं ऐकते. बहुतेक वेळा ती भाजी काय घ्यायची एवढंच विचारते.

फसवणाऱ्यांच्या विरोधात मी अजूनही लिहिते आणि लिहीत राहणार. ते काम सोडण्यासारखं नाही. पण हा लेख छापायला देण्याआधी मी तो आईला दाखवला, तोही आधी विचारून. तिने पेन हातात घेतलं नाही. "जाऊ दे तसाच," म्हणाली.

ज्या मासिकात तुम्ही हे वाचताय, त्याच्याबरोबर ते पत्रक घरोघरी गेलेलं आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ते पुढे वाटलं आहे, काहींनी तर आपल्या पैशांनी प्रती काढल्या. म्हणून मागते. तुम्ही ते कोणाच्या हातात दिलंत ते आठवा. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी कोणी खेळत असेल, आणि पत्रक वाचून उपचार थांबले असतील, तर आज त्यांच्याकडे जा. शिबिरवाल्याबद्दल लिहिलेलं खरं आहे, बाकीच्यांबद्दल लिहिणारी चुकली, असं माझ्या वतीने सांगा. डॉक्टरांकडे, समुपदेशकांकडे, जिथे ते जात होते तिथे परत जायला सांगा. एकट्याने जायची लाज वाटते म्हणाले तर सोबत जा, आणि दाराबाहेर थांबा.